वाचता वाचता लिहू लागलेल्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी बहुतेक नोकरी दादरच्या एका वाचनालयाच्या देवघेव विभागात झाली. पन्नाशी उलटल्यावर पहिला कथासंग्रह आला, त्यानंतर दुसरा. तेव्हापासून वाचनालयातले जुने वर्गणीदार, त्यांच्या ओळखीचे लोक, निवृत्तीला आलेले आणि नुकतेच नोकरीला लागलेले असे सगळेच भेटून किंवा फोन करून विचारतात, "आम्हीही आयुष्यभर वाचतोय. आता लिहावंसं वाटतं. काय करायचं?" त्यांना मी जे सांगत आले ते इथे लिहून ठेवलं आहे.

खूप वाचलंय. तेवढ्यावर लिहिता येईल का?

तेवढ्यावर नाही. पण त्याच्याशिवाय तर मुळीच नाही.

वाचणाऱ्याला एक गोष्ट कुणी न शिकवता येते. आपण कुठे कंटाळलो, कुठे पान उलटायची घाई झाली, हे त्याला नेमकं कळतं. देवघेवीच्या टेबलावर परत आलेल्या पुस्तकांची पानं मी चाळायची. लोक खुणेसाठी कोपरे दुमडतात (दुमडू नयेत, पण दुमडतात). काही जाडजूड कादंबऱ्यांत हे कोपरे साठ-सत्तर पानांपर्यंत दिसायचे आणि पुढे पुस्तक कोरं करकरीत. वेगवेगळ्या वर्गणीदारांनी दुमडलेले कोपरे एकाच प्रकरणाशी येऊन थांबायचे. ते प्रकरण मी घरी नेऊन वाचायची. बहुतेक वेळा तिथे लेखक गोष्ट सोडून स्वतःची मतं सांगायला लागलेला असे, नाहीतर एकाच वेळी सहा नवी पात्रं घरात शिरलेली असत. लिहायला बसले तेव्हा मला सगळ्यात जास्त उपयोग या कोपऱ्यांचा झाला.

तुमच्याकडे टेबल नसेल, पण स्वतःचं वाचन आहे. आवडलेली एक कथा घ्या आणि हातात पेन्सिल घेऊन तिसऱ्यांदा वाचा. पहिल्या दोन वाचनांत गोष्टच आपल्याला ओढून नेते, म्हणून तिसऱ्यांदा. काळ कुठे उडी मारतो, वाचकाला एखादी गोष्ट पात्राच्या आधी कळते की नंतर, पहिला संवाद कोणत्या पानावर येतो, लेखकाने काय सांगितलंच नाही, याच्या खुणा करा. मग त्यातलं एक पान वहीत हाताने उतरवून काढा. वाक्य कुठे आखूड होतं आणि कुठे श्वास घेतं हे उतरवताना जेवढं कळतं तेवढं नुसत्या वाचनाने कळत नाही.

मराठी घेऊन एम.ए. केलेलं नाही. चालेल?

नारायण सुर्वे गिरणीत राबले, महापालिकेच्या शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले. अण्णा भाऊ साठे जवळजवळ शाळेत गेलेच नाहीत. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून त्यांनी लिहिलं आणि आज विद्यापीठं त्यांचं लेखन अभ्यासाला लावतात. चालेल.

वय झालंय. आता उशीर झाला का?

नाही. पण जे लिहायचं ते ठरवून, नेमाने लिहा.

मुंबईत वाचायला बसायचं कुठे? घर लहान, माणसं फार.

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला मनापासून आवडतं, कारण या बाबतीत हे शहर श्रीमंत आहे आणि आपल्याला त्याची जाणीव नसते.

मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून सुरू आहे. दादर पूर्वेला नायगावात त्याचा संदर्भ विभाग आहे. जुनी मासिकं आणि दुर्मिळ पुस्तकं बघायची असतील तर तिथे जा. कथा लिहिणाऱ्याने शंभर वर्षांपूर्वीच्या मासिकातल्या नुसत्या जाहिराती वाचल्या तरी पुष्कळ हाती लागतं: कोणतं तेल विकलं जात होतं, चष्म्याची किंमत काय होती, नाटकाला बायकांची बसायची सोय वेगळी होती का. फोर्टला टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी आहे आणि तिथेच राज्याचं मध्यवर्ती ग्रंथालयही आहे. टाउन हॉलची इमारत १८३३ सालची. दुर्गाबाई भागवतांनी एशियाटिकमध्ये वर्षानुवर्षं बसून वाचन केलं. काळा घोड्याचं डेव्हिड ससून ग्रंथालय डागडुजीनंतर २०२३ मध्ये पुन्हा खुलं झालं. ज्यांना शांतता आणि टेबल एवढंच हवं आहे त्यांनी तिथलं सभासदत्व घ्यायला हरकत नाही.

हे झाले मोठे पत्ते. मला स्वतःला गल्लीतली वाचनालयं जास्त मोलाची वाटतात. गिरगाव, परळ, दादर, पार्ले, गोरेगाव, मुलुंड, सगळीकडे ती आहेत. अनामत आणि महिन्याची वर्गणी भरायची आणि पुस्तक घरी न्यायचं. तिथल्या माणसाशी ओळख वाढवा. तुम्हाला काय आवडतं हे एकदा त्याला कळलं की तो पुस्तक बाजूला काढून ठेवतो. विकत घ्यायचं तर दादर स्टेशनच्या पश्चिमेला छबिलदासच्या गल्लीत आयडियल आहे. जुन्या पुस्तकांसाठी हुतात्मा चौकाचा फूटपाथ आणि माटुंग्याला माहेश्वरी उद्यानाभोवतीचे विक्रेते आहेत. फूटपाथवर मराठी पुस्तकं थोडी आणि बहुधा ढिगाच्या तळाशी असतात. तेव्हा वाकायची तयारी ठेवा.

नोकरी, लोकल, घर. लिहायला वेळ कुठून आणायचा?

वाचन लोकलमध्ये होतं, अगदी चौथ्या सीटवर अर्धं बसूनही. लिहिणं होत नाही. गाडीत टिपण होतं, आणि ते फार कामाचं असतं. समोरच्या बाईचं एखादं वाक्य, भाजी निवडताना चाललेलं भांडण, 'उतरायचंय का' या दोन शब्दांतले दहा स्वर, हे जसंच्या तसं फोनमध्ये टिपून ठेवा. 'दोन बायका भांडत होत्या' अशी नोंद पुढे काही कामाला येत नाही. त्या काय म्हणाल्या ते लिहा.

लिहायला मात्र एक ठरलेली वेळ आणि एक ठरलेली जागा लागते, मग ती अर्ध्या तासाची आणि ओट्याशेजारची का असेना. मी पाण्याची वेळ धरली होती. नळ यायच्या आधी उठायचंच असे, ते थोडं आणखी आधी. घरातल्यांना ही वेळ सांगून टाका. 'मी लिहिते आहे' हे मोकळेपणाने म्हणायला बायकांना विशेष जड जातं, हे मी पुष्कळ जणींकडून ऐकलंय. तरी म्हणा. एकदा सांगितलं की घर सावरून घेतं.

सुरुवात कशी करू? वहीत पहिलं वाक्य लिहिलं की पुढे जातच नाही.

बहुतेक वेळा पहिलं वाक्य फार मोठं झालेलं असतं म्हणून असं होतं. एक उदाहरण देते. आमची चाळ परळची, घराघरात गिरणीत जाणारा एक तरी माणूस. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्या दिवसावरची माझी कथा पहिल्यांदा अशी सुरू झाली होती:

"भोंगा वाजला आणि त्याच्या मनात असंख्य भावनांचा कल्लोळ उठला."

हे वाक्य कुणाच्याही कथेत बसेल. त्यात परळ नाही, संप नाही, तो माणूसही नाही. बऱ्याच खाडाखोडीनंतर ते असं झालं:

"भोंगा वाजला. त्याने सवयीने डबा उचलला, झाकण घट्ट आहे का पाहिलं आणि पुन्हा ओट्यावर ठेवला. बायको काही बोलली नाही."

कल्लोळ आता वाचकाला स्वतःला दिसतो, मला सांगावा लागत नाही. वाचक म्हणून आपल्याला हे ठाऊकच असतं. आवडत्या कथेत आपण रडतो ती जागा आठवून पाहा. तिथे लेखकाने 'ती दुःखी होती' असं बहुधा लिहिलेलं नसतं. पेन हातात घेतलं की मात्र आपण हे विसरतो आणि शाळेतल्या निबंधाची भाषा परत येते. तेव्हा लिहून झालं की स्वतःला वाचनालयातला वर्गणीदार समजून पान वाचा, आणि मोठ्याने वाचा. जीभ अडखळते तिथे वाक्यात काहीतरी बिघडलेलं असतं.

बोलीत लिहू की प्रमाणभाषेत?

माणसं जशी बोलतात तशी बोलू द्या. मालवणी आजी नातवाशी पुस्तकी मराठीत बोलायला लागली की वाचकाचा विश्वास उडतो. भोवतालचं निवेदन कोणत्या भाषेत ठेवायचं ते तुम्हीच ठरवा. ज्या भाषेत तुम्ही मनातल्या मनात बोलता तीच त्यासाठी योग्य, असं माझं मत आहे.

'हे असलं मराठी छापतील का?' ही भीती आता बाळगू नये. १९७० च्या दशकात मुंबईत ग्रंथाली ही वाचकांची चळवळ उभी राहिली. चांगलं पुस्तक वाचकापर्यंत परवडेल अशा किमतीत पोचावं या तळमळीतून ती निघाली आणि बघता बघता स्वतः प्रकाशनात उतरली. दया पवारांचं 'बलुतं' हे आत्मकथन १९७८ मध्ये ग्रंथालीने काढलं. मुंबईतल्या कावाखाना वस्तीतली आणि गावकुसाबाहेरची भाषा त्या पुस्तकाने महाराष्ट्रातल्या घराघरांत नेली. वाचकांनी एकत्र येऊन भाषेला जागा करून दिल्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

बोली लिहायची तर ती ऐकून लिहा. चार 'व्हय' आणि दोन 'न्हाय' पेरले म्हणजे बोली होत नाही.

शुद्धलेखन कच्चं आहे. आणि टाइप कशात करायचं?

आपण आज जे नियम पाळतो ते मराठी साहित्य महामंडळाचे. १९६२ मध्ये १४ नियम आले, १९७२ मध्ये त्यात चारची भर पडून १८ झाले. अठराच आहेत, तेव्हा एकदा बसून वाचून टाका. नव्या लेखकांच्या मजकुरात मला सर्वांत जास्त दिसणारी चूक सामान्यरूपाची: गरीब पण गरिबाला, वकील पण वकिलाला, फूल पण फुलाला. दुसरी 'आणि'ची. तो कायम ऱ्हस्व. एवढ्या दोन गोष्टी सांभाळल्यात तरी मुद्रितशोधक तुम्हाला दुवा देईल.

टाइप युनिकोडमध्येच करा, म्हणजे कुठल्याही फोनवर किंवा संगणकावर वाचता येईल अशा अक्षरांत. पुष्कळ छापखान्यांत आजही श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये पानं लागतात. तिथे तुमची फाइल रूपांतरित होते आणि या रूपांतरात अर्ध्या 'र'चा हमखास बळी जातो. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, 'तऱ्हा'ची 'तर्हा'. म्हणून पानं लागल्यावर पहिलं प्रूफ वाचताना एक फेरी फक्त या अक्षरासाठी ठेवा. फॉन्ट निवडायची संधी मिळाली तर मराठी वळणाचा, देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल' असलेला निवडा. वाचणाऱ्याच्या डोळ्याला तो घरचा वाटतो.

हात दुखत असतील तर फोनला सांगून टाइप करायची सोय उत्तम आहे. विरामचिन्हं मात्र नंतर घालावी लागतात.

आधी पुस्तक काढू की दिवाळी अंकात पाठवू?

आधी दिवाळी अंक. माझं यावर ठाम मत आहे.

मराठीत नवा लेखक वाचकांना भेटतो तो बहुतेकदा दिवाळी अंकात. या परंपरेची सुरुवात मुंबईतच १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाने केली. त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र मूळचे आजगावकर. बंगाली साहित्य वाचण्याच्या ओढीने ते ती भाषा शिकले आणि पुढे 'मित्र' हे आडनावही त्यांनी घेतलं. आपल्याला जे वाचायला आवडलं ते इतरांनाही वाचायला मिळावं, याच आचेने त्यांनी १८९५ मध्ये मासिक काढलं होतं. वाचनवेडातून प्रकाशनात उतरलेल्या माणसाची ही गोष्ट मी प्रत्येक नव्या लेखकाला सांगते.

व्यवहाराचं सांगायचं तर अंकांची जुळवाजुळव गणपतीच्या आधीच झालेली असते. दसऱ्याला कथा पाठवून उपयोग नाही. मे-जूनमध्ये पाठवा. एकच कथा एकाच वेळी चार अंकांना पाठवू नका. दोघांनी घेतली तर दोघांशीही संबंध बिघडतात. आणि ज्या अंकाला पाठवणार आहात त्याचा निदान गेल्या वर्षीचा अंक वाचलेला असू द्या. वाचनालयात तो मिळतो. मानधन प्रत्येक अंक देतोच असं नाही, ते आधीच विचारून घेण्यात संकोच कसला?

प्रकाशकाकडे कसं जायचं? ओळख लागते का?

ओळख लागत नाही. त्या प्रकाशकाची पुस्तकं तुम्ही वाचलेली असावी लागतात. मौज, पॉप्युलर, मॅजेस्टिक, ग्रंथाली ही सगळी मुंबईचीच घरं, पण प्रत्येकाची निवड वेगळी आणि काळाप्रमाणे ती बदलतही गेली. तुमच्या कपाटातली आवडती पुस्तकं काढा आणि दुसऱ्या-तिसऱ्या पानावरची प्रकाशकांची नावं लिहून काढा. जी दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा येतात, तिथून सुरुवात करा.

एक पानाचं पत्र, पुस्तकाचा गोषवारा आणि दोन कथा किंवा दोन प्रकरणं पाठवा. पत्रात 'माझ्या मित्रमंडळींना फार आवडलं' हे नको. पुस्तक कशाबद्दल आहे, किती शब्दांचं आहे आणि त्यातलं काय आधी कुठे छापून आलंय, एवढं पुरे. उत्तराला सहा महिने लागले तर ते नेहमीचंच समजा. त्यानंतर एकदा नम्रपणे विचारा. मग दुसरीकडे पाठवा, आणि पहिल्या प्रकाशकाला तसं कळवा.

संपादक माझ्या लेखनाला हात लावतील का?

लावोत, अशी प्रार्थना करा. चांगला संपादक मिळणं हे लेखकाचं मोठं भाग्य. गिरगावच्या खटाववाडीत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन 'मौज' आणि 'सत्यकथा' या नियतकालिकांसाठी आलेल्या एकेका कथेवर लेखकांशी पत्रव्यवहार करत, पुन्हा लिहायला सांगत. मराठी नवकथा घडण्यात त्या कामाचा फार मोठा वाटा आहे. 'सत्यकथा' १९८२ मध्ये थांबलं. आज तेवढा वेळ देणारे संपादक कमी आहेत. म्हणून छापायला देण्याआधी एक कडक वाचक स्वतःच शोधा, शक्यतो नात्यातला नसलेला. त्याला 'आवडलं का?' असं विचारू नका. 'कुठे थांबलास?' असं विचारा.

एकजण म्हणतात, इतके पैसे भरा, पुस्तक काढून देतो. देऊ का?

स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढण्यात काहीही कमीपणा नाही. माझा दुसरा संग्रह मी तसाच काढला. पण आपण कशाचे पैसे देतो आहोत हे पक्कं ठाऊक हवं. लेखकाकडून सगळा खर्च घ्यायचा आणि वर 'आमच्या निवड समितीने आपलं हस्तलिखित स्वीकारलं आहे' असं पत्र द्यायचं, हा प्रकार मला अत्यंत चुकीचा वाटतो. हौसेने लिहिणाऱ्या माणसाच्या आनंदाचा तो गैरफायदा आहे. निवृत्तीच्या पैशातून असं पुस्तक काढलेले आणि पलंगाखाली गठ्ठे पडलेले लोक मी पाहिले आहेत, आणि मला त्याचा राग येतो.

पैसे देण्याआधी हे लेखी घ्या: किती प्रती छापणार, कोणता कागद, कोणती बांधणी, मुद्रितशोधन कोण करणार आणि किती प्रूफं दाखवणार, मुखपृष्ठ आणि छपाईच्या फाइली कोणाच्या मालकीच्या, प्रती कोणत्या दुकानांत आणि कोणत्या वितरकाकडे जाणार. शेवटच्या मुद्द्यावर 'सगळीकडे' असं उत्तर आलं तर दुकानांची नावं मागा. नावं मिळाली नाहीत तर सरळ छापखान्यात जा. डीटीपी (संगणकावर पानं लावणारा), चित्रकार, छपाई आणि बांधणी या चौघांशी स्वतः बोललात तर खर्चही कमी येतो आणि काम डोळ्यांसमोर होतं.

करारात काय बघायचं?

सगळं. तुमच्या सहीने हक्क जातो, म्हणून दोन दिवस घरी नेऊन वाचा.

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि तो लेखकाच्या बाजूने बराच विचार करतो. हक्क देण्याचा करार लेखी आणि सही केलेलाच असावा लागतो. कोणता हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात दिला, हे त्यात यायला हवं. मुदत लिहिलेलीच नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात तो वापरलाच नाही, आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर तो हक्क संपतो. म्हणजे कायद्याने तुम्हाला रिकाम्या हाताने सोडलेलं नाही. पण करारात 'कायमस्वरूपी', 'सर्व भाषांतील', 'सर्व माध्यमांतील' असे शब्द लिहून तुम्हीच सही केलीत तर पुढे भांडणं अवघड होतं.

मराठी छापील पुस्तकाचे हक्क द्या. अनुवाद, ई-बुक, ऑडिओ, नाटक-चित्रपट यांची कलमं वेगवेगळी मागा. रॉयल्टी साधारणपणे छापील किमतीच्या १० टक्क्यांच्या आसपास असते, नव्या लेखकाला कमीही सांगतात. आकड्याइतकंच महत्त्वाचं दुसरं कलम हिशेबाचं: वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात, विकलेल्या आणि शिल्लक प्रतींचा लेखी हिशेब. तिसरं, पुस्तक संपून अमुक काळात नवी आवृत्ती निघाली नाही तर हक्क लेखकाकडे परत. हे कलम मागितल्याने चांगला प्रकाशक कधीच दुखावत नाही.

हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. तेव्हा कराराची प्रत घरच्या कागदपत्रांत ठेवा आणि ती कुठे आहे हे मुलांना सांगून ठेवा.

कॉपीराइटची नोंदणी आणि आयएसबीएन लागतं का?

कॉपीराइट लिहिल्या क्षणी तुमचा होतो, नोंदणी ऐच्छिक आहे. आयएसबीएन हा पुस्तकाचा १३ अंकी क्रमांक. भारतात तो केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था विनामूल्य देते. स्वतः प्रकाशक असाल तर लेखकालाही अर्ज करता येतो. त्याचे पैसे कुणी मागत असेल तर ते त्याच्या कष्टाचे आहेत, क्रमांकाचे नव्हेत.

किती पानं, किती प्रती?

पुस्तक १६ पानांच्या फॉर्मात छापलं जातं. १६० पानं म्हणजे १० फॉर्म. १६३ पानं झाली तर अकरावा फॉर्म लागतो आणि मागे पानं कोरी राहतात. म्हणून शेवटच्या प्रुफाला एखादा परिच्छेद कापला की पैसेही वाचतात. डेमी, म्हणजे नेहमीच्या कथा-कादंबरीच्या आकाराच्या पानावर मराठीचे साधारण अडीचशे ते तीनशे शब्द बसतात. तेवढ्यावरून घरीच अंदाज करा.

पूर्वी हजाराची आवृत्ती हा नेम होता. आज पाचशे किंवा तीनशेही काढतात, आणि मागणीप्रमाणे छपाईत त्याहून कमी. पहिल्या पुस्तकाला तीनशे काढा. संपल्या तर पुन्हा छापता येतात.

सरकारी मदत मिळते का?

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. हस्तलिखित तज्ज्ञांकडून वाचून घेऊन निवड होते. अर्जाची मुदत जाहीर होते तिच्याकडे लक्ष ठेवा. राज्य वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकांसाठी वेगळे पुरस्कार आहेत. तुमचं वय पस्तिशीच्या आत असेल तर साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही लक्षात ठेवा.

ई-बुक आणि ऑडिओ?

किंडलवर मराठी ई-बुक स्वतः टाकता येतं. ऐकणारा मराठी वाचक वाढतोय, विशेषतः दृष्टी अधू झालेले आणि परदेशी गेलेले. कथा मोठ्याने वाचून तयार केलेली असेल तर ऑडिओत ती अर्धी लढाई आधीच जिंकते.

पुस्तक निघाल्यावर काय?

समारंभ जरूर करा, पण छोटा. हॉल, हारतुरे आणि बटाटेवड्यांवर जेवढा खर्च होतो तेवढ्यात पन्नास वाचनालयांना पुस्तक जाऊ शकतं.

पहिलं काम कायद्याचं. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रकाशनापासून ३० दिवसांत प्रत्येकी एक प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय इथे स्वखर्चाने पाठवायची असते. स्वतः प्रकाशक असाल तर हे तुम्हीच करायचं. पुष्कळ जण टाळतात. टाळू नका. दुकानातली प्रत संपते, प्रकाशक बंद पडतात, पण टाउन हॉलमध्ये गेलेली प्रत कुणा संशोधकाला पन्नास वर्षांनी सापडू शकते.

दुसरं, ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य यादीसाठी पुस्तक पाठवा. राज्यातली सार्वजनिक ग्रंथालयं अनुदानातून खरेदी करताना ती यादी बघतात. मराठी पुस्तकाची मोठी विक्री आजही ग्रंथालयांना होते. वितरक आणि दुकानदार मिळून चाळीसेक टक्के सवलत घेतात, त्यामुळे किंमत ठरवताना ती धरूनच ठरवा. मग मनासारखी किंमत राहत नाही म्हणून त्यांच्यावर चिडू नका. दुकानाचं भाडं या शहरात काय आहे ते आपल्याला माहीत आहे.

तिसरं, परीक्षणासाठी शंभर प्रती वाटू नका. ज्यांचं लेखन तुम्ही वाचता अशा आठ-दहा जणांनाच पाठवा, आणि सोबत दोन ओळी हाताने लिहा.

लिहायला लागल्यापासून वाचन कमी झालंय. काय करू?

लिहिणं थोडं थांबवा आणि वाचा. हे मी फार गंभीरपणे सांगते. स्वतःचं पुस्तक आलं की वर्गणी बंद केलेले लेखक मी देवघेवीच्या टेबलावरून पाहिले आहेत. त्यांचं दुसरं पुस्तक पहिल्यासारखंच असे, फक्त पातळ. शिवाय आपण दुसऱ्यांची मराठी पुस्तकं विकत घेणार नसू तर आपलं कुणी का घ्यावं? महिन्याला एक पुस्तक विकत, चार वाचनालयातून, आणि त्यातलं एक तरी आपल्याहून वयाने लहान लेखकाचं. मी हा नेम पाळते.

माझं लेखन पाठवलं तर तुम्ही वाचाल का?

हो. कथा असेल तर पहिली दहा पानं, कविता असतील तर पाच. युनिकोडमध्ये, मोठ्या अक्षरात, पानांना क्रमांक घालून पाठवा. फोनवर टाकलेले पानांचे फोटो मला वाचता येत नाहीत. सध्या काय वाचताय तेही सोबत कळवा. उत्तराला महिना-दीड महिना लागतो, दिवाळी अंकांच्या दिवसांत थोडा जास्त. प्रस्तावना मी लिहीत नाही.